गुलाब कधी हलवावा

कुलूपकाकांचा धंदा कुलपांचा होता आणि स्वभावही. जन्मभर त्यांनी लोकांची अडकलेली कुलपं उघडली, मोडलेल्या किल्ल्या घासून दिल्या, आणि या सगळ्यातून एवढंच शिकले की ज्याला आत यायचंय तो येतोच, म्हणून आपण आधीपासून सावध असावं. त्यांच्या घराच्या पुढच्या दाराला तीन कुलपं होती, मागच्या दाराला दोन. बागेतल्या अवजारांच्या खोपटाला एक मोठं पितळी कुलूप होतं, स्वतः बनवलेलं, आणि त्याची किल्ली ते झोपतानाही गळ्यात घालत. आत काय, तर एक फावडं, एक दाताळं आणि एक फुटकी झारी.

फळवाल्यानं वर चांगली सफरचंदं मांडली की काका खालचं उपसून बघत. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या की डॉक्टर स्वतः आजारी पडल्यावर काय घेतात याची चौकशी करत. जावयानं एकदा वाढदिवसाला छत्री दिली, तर या गृहस्थांनी ती न्हाणीघरात उघडून नळाखाली धरली. छत्री गळली नाही. मग जावयाला आपल्याकडून नेमकं काय हवंय, या विचारात त्यांची झोप उडाली.

या स्वभावाची त्यांना कधी लाज वाटली नाही. उलट कुणी चिडवलंच तर ते आपलं हुकमी पान काढत. बायको शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात होती. एका सकाळी तिनं शेजारच्या नर्सबाईंकरवी निरोप पाठवला: आज येऊ नका, मी बरी आहे, तुम्ही दमलात, घरी झोपा. दुसरा कुणी असता तर झोपला असता. काकांच्या मनात पाल चुकचुकली. बरी आहे, तर मग येऊ नका कशाला? ते तसेच निघाले. दुपारी ती गेली तेव्हा तिचा हात त्यांच्या हातात होता. "विश्वास ठेवला असता तर घरी घोरत पडलो असतो," असं ते म्हणत.

बायको असतानाही त्यांनी तिच्या शब्दावर डोळे झाकून कधी मान डोलावली नव्हती. हे घर घेताना ती म्हणाली होती, नको, मागचं अंगण फार मोठं आहे, कोण निस्तरणार. काकांना वाटलं, हिला माहेराजवळचं घर हवंय. त्यांनी हेच घेतलं. अंगणातला गुलाब तर त्यांनी तिच्या नाकावर टिच्चून आणला. काटे लागतात, कीड पडते, आणि हा जर्दाळूसारखा रंग मला मुळीच आवडत नाही, असं ती म्हणाली होती. पुढे तीच त्याची सगळी उस्तवार करायची. ते बघून काका मिशीतल्या मिशीत हसत. बायकांना चांगलं काय ते आधी कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

आता ती नव्हती आणि गुलाब होता, छातीइतका उंच, नर्सबाईंच्या बाजूच्या बुटक्या भिंतीला लागून. काका त्याच्याशी बोलत वगैरे नसत. तसले चाळे त्यांना जमत नसत. पण सकाळी चहाचा कप घेऊन ते त्याच्याजवळ उभे राहत, आणि कप रिकामा झाला तरी उभेच राहत.

नर्सबाई निवृत्त झाल्यापासून गल्लीच्या बागांची नाडी बघत. पानगळ सुरू झाली की त्या आपल्या पायरीवर कात्रीला धार लावत बसत आणि येणारा-जाणारा थांबून विचारी, बाई, आता काय करायचं? थंडीच्या तोंडावर बागेत काय करावं आणि काय करू नये, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नसे. काकांनी कधी विचारलं नाही. पण नर्सबाई भिंतीवरून आपणहून सांगत. पडलेलं पान न् पान झाडून जाळून टाका, भाऊ. गुलाब आत्ताच बुंध्यापर्यंत छाटा. थंडीआधी भरपूर खत घाला. फुलांचे कंद वरच्यावर लावा, बोटभर मातीत.

काका मान हलवत आणि घरात जाऊन विचार करत. या बाईला माझी पानं जाळण्याची एवढी घाई का? म्हणून ते पानं वाफ्यांवर पसरून ठेवत. गुलाबाला हात लावत नसत, फार तर वाऱ्यानं हेलकावणारे शेंडे खुडत. खताचं पोतं वसंतापर्यंत कुलपात. कंद चांगले वीतभर खोल. आणि दर वर्षी त्यांची बाग अशी फुले की रस्त्यावरचे लोक भिंतीपाशी रेंगाळत. नर्सबाईही बघत आणि म्हणत, कमाल आहे बाई. तेव्हा काकांना जो आनंद होई तो फुलांच्या आनंदाहून काकणभर जास्तच असे.

त्या वर्षी लेकीनं हट्टच धरला की बाबांनी आता आपल्याकडे राहायला यावं. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती, तिच्याकडे खालची खोली रिकामी होती आणि छोटंसं अंगणही. काकांचे गुडघे जिने मानत नव्हते, त्यामुळे बऱ्याच संशयानंतर ते कबूल झाले. घराला गिऱ्हाईक मिळालं. नवे मालक मागचं अंगण फरशी घालून गाडीसाठी करणार होते, पण उन्हाळ्यात. तोवर तुमचं झाड तुम्ही केव्हाही येऊन न्या, असं ते म्हणाले. म्हणजे गुलाब आत्ता, घर सोडताना उपटावा, की थंडी संपल्यावर येऊन न्यावा, एवढाच प्रश्न उरला. पण तो साधा नव्हता. इतकं जुनं झाड एकदाच हलवता येतं. चुकीच्या वेळी मुळं तुटली की ते पुन्हा डोळा उघडत नाही. आणि ते गेलं, तर बायकोचा हात लागलेलं जिवंत असं दुसरं काही काकांकडे नव्हतं.

त्यांनी न विचारताच उत्तर आलं. नर्सबाई भिंतीवर कोपर टेकून म्हणाल्या, "आत्ता अजिबात हलवू नका, भाऊ. थंडी जाऊ द्या. तोवर मी बघते ना त्याच्याकडे."

मी बघते, हे शब्द काकांच्या कानात खिळ्यासारखे बसले. आपण गेल्यावर या अंगणात थंडीभर कोण येणार-जाणार? फक्त ही. आणि वसंतात आपण पोतं घेऊन आलो की ही म्हणणार, अरेरे भाऊ, तुमचं झाड काही वाचलं नाही हो. आणि भिंतीपलीकडे तिच्या वाफ्यात जर्दाळू रंगाच्या कळ्या. काकांनी जन्मभर चोऱ्या झालेल्या घरांची कुलपं बदलली होती. चोर पहिल्या दिवशी कुलूप फोडत नाही, आधी घराची काळजी करतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्याच सकाळी पुरावा मिळाला. गुलाबाच्या भिंतीकडच्या बाजूला पेन्सिलएवढ्या जाडीची एक फांदी गायब होती. छाट ताजी, ओलसर, तिरकी, कोंबाच्या डोळ्याच्या जराशी वर, पाणी साठू नये अशी. कात्रीला उत्तम धार होती. गल्लीत असा हात एकच. काकांनी चष्मा लावून ती छाट दोनदा पाहिली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ते बोलले नाहीत. चोराला सावध करायचं नसतं, हा त्यांच्या धंद्याचा नियम. त्यांनी फक्त भिंतीवर जुनी जाळी बांधली आणि दिवसभर खिडकीत बसून राहिले. नर्सबाईंनी जाळी पाहिली, थोडं हसल्या आणि आत गेल्या. ते हसणं काकांना मुळीच आवडलं नाही.

पण खरा दणका बसला तो बेकरीत. काका पावांच्या मांडणीमागे उभे राहून पाव दाबून बघत होते, कालचा तर नाही ना म्हणून. पलीकडे नर्सबाई बेकरीवाल्याच्या बायकोशी बोलत होत्या. तिलाही म्हणे दारातला गुलाब मागे न्यायचा होता. नर्सबाई तिला सांगत होत्या, अगं, मग हेच दिवस. पानं गळायला लागलीत, माती अजून उबदार आहे, मुळं थंडीच्या आत जम धरतात. आदल्या दिवशी भरपूर पाणी घाल. उंच फांद्या गुडघ्याइतक्या कर, वाऱ्यानं मुळं हलायला नकोत. माती सुटू देऊ नको, ओल्या गोणपाटात बांध. वसंताची वाट बघत बसलीस तर फुटव्याच्या वेळी त्याला मुळं आणि पानं दोन्ही सांभाळावी लागतील, आणि म्हातारं झाड असेल तर गेलंच समज. शिवाय खड्ड्यात खत नको. पानं जाळू नको, वाफ्यावर पसर. आणि कंद लावशील तर चांगले खोल लाव.

काकांच्या हातातला पाव चेपून सपाट झाला. त्याचे पैसे देऊन, तोच पाव काखेत मारून ते बाहेर पडले. एकूण एक गोष्ट. पानं, खत, कंद, छाटणी, आणि आता गुलाब. सगळ्या गल्लीला खरं आणि मला एकट्याला खोटं. इतकी वर्षं ही बाई भिंतीवर कोपर टेकून, गोड बोलून, माझी बाग मारायला बसली होती. त्यांना रागापेक्षा एक विचित्र समाधान जास्त वाटत होतं. शेवटी आपलंच खरं ठरलं.

नर्सबाई घरी पोचायच्या आत काका त्यांच्या पायरीवर येऊन उभे होते, सपाट पाव काखेत.

"बेकरीत काय सांगत होता ते ऐकलं मी," ते म्हणाले. "तिला आत्ता हलव म्हणता, आणि मला हलवू नको म्हणता. तिला पानं पसर म्हणता, मला जाळ. लोकांना कंद खोल, मला बोटभर. माझी फांदीही तुम्हीच चोरलीत. आता एवढंच सांगा, तुमचं मी काय घोडं मारलंय?"

नर्सबाईंनी पिशवी खाली ठेवली. त्या घाबरल्या नाहीत, याचा काकांना अजूनच संशय आला.

"मी पानं जाळा म्हटलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही काय केलंत?"

"पसरली."

"खत घाला म्हटलं."

"नाही घातलं. मी काय खुळा आहे?"

"बुंध्यापर्यंत छाटा म्हटलं, कंद वर लावा म्हटलं. तुम्ही दर वर्षी काय केलंत, भाऊ?"

काका उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच थांबले. कुलपात किल्ली फिरवताना आतल्या पट्ट्या एकेक करून जागेवर बसतात आणि मग बोटांना कळतं, तसं काहीसं त्यांचं झालं. त्यांनी दर वर्षी बरोबर तेच केलं होतं, जे ही बाई गल्लीला सांगत होती. त्यांचं एकही झाड मेलं नव्हतं.

"मला मूर्ख बनवत होता तर," ते शेवटी म्हणाले. आवाजात मघाचा जोर नव्हता.

"सरळ सांगितलं असतं तर पहिल्याच थंडीत तुमची बाग गेली असती. हे काही माझं डोकं नव्हे. मला वहिनींनी शिकवलं."

काकांना आधी कळेना, कोण वहिनी. मग कळलं, आणि ते न विचारताच पायरीवर बसले.

नर्सबाईंनी मग सगळं सांगितलं. त्या सकाळी वॉर्डात त्यांचीच पाळी होती. वहिनींनी त्यांना जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, ह्यांना निरोप द्या, आज येऊ नका, मी बरी आहे, घरी झोपा. नर्सबाईंना तेव्हा वहिनींची अवस्था दिसत होती. त्या म्हणाल्या, अहो, आज तर त्यांना बोलवायला हवं. त्यावर वहिनी हसल्या. "या म्हणून सांगितलंत तर ते विचार करत बसतील, का बोलावतेय, डॉक्टरांचं काय बिल आहे, काय कारस्थान आहे. येऊ नका म्हणा. धावत येतील." आणि मग, थोडा दम खाऊन, त्या म्हणाल्या की घर मी असंच घेतलं आणि गुलाबही असाच आणला; माझ्यामागे त्यांना काही सांगायची वेळ आली तर असंच सांगत जा.

 काकांना वाईट वाटलं, अगदी भरून आलं, आणि त्याच वेळी रागही आला. आपण जन्मभर सावध होतो, कुणाच्या बोलण्यात आलो नाही, बायकोच्या तर मुळीच नाही, या एका गोष्टीवर ते उभे होते. आता बघावं तर घर तिचं, अंगण तिचं, गुलाब तिचा, आणि ज्या दुपारचा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान होता ती दुपारही तिनंच घडवून आणलेली. त्यांनी मनात चाचपून पाहिलं, की तिनं आपल्याला सरळ असं कधीच काही सांगितलं नाही का. एकच आठवलं. त्या दिवशी ते धापा टाकत वॉर्डात शिरले, तेव्हा ती त्यांच्याकडे बघून म्हणाली होती, आलात, बरं झालं. त्या शब्दांवर संशय घ्यायला त्यांना वेळच मिळाला नव्हता.

"आणि फांदी?" त्यांनी नाक ओढत विचारलं. सवय अशी एका दिवसात जात नाही.

"ती चोरलीच," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी उत्तरेकडच्या भिंतीपाशी ठेवलेली कुंडी आणून दाखवली. वाळू-मातीत अर्धी पुरलेली ती काडी ताठ उभी होती. "मागितली असती तर दिली असतीत?"

"नसती."

"म्हणून घेतली. सगळं नीट करूनही झाडं कधीकधी मरतात, भाऊ. तुमचं मेलं तर निदान ही असावी, असं वाटलं."

काकांनी कुंडी हातात घेऊन फिरवून पाहिली. मग ते म्हणाले, "बरं. मग आता एकदाच खरं सांगा. गुलाब आत्ता हलवू की नको?"

नर्सबाईंनी मान हलवली. "आता मला काही सांगताच येणार नाही. हलवा म्हटलं तर म्हणाल, उलटं बोलतेय. नको म्हटलं तर म्हणाल, आता सरळ बोलतेय. बेकरीत तुम्ही मागे उभे आहात हे मला माहीत होतं, असंही तुमच्या मनात उद्या सकाळपर्यंत येईल."

ते तर काकांच्या मनात आत्ताच आलं होतं. त्यांनी नर्सबाईंच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. जन्मभर पेशंटना इंजेक्शन दुखणार नाही असं सांगत आलेली बाई, तिच्या चेहऱ्यावर काय सापडणार? दुसरं कुलूप असतं तर काकांनी कान लावून, तार घालून, काहीतरी केलं असतं. इथे करण्यासारखं काही नव्हतं. एकतर विश्वास ठेवायचा, नाहीतर नाही.

ते उठले, घरी गेले आणि गुलाबाच्या बुंध्याशी झारीमागून झारी पाणी ओतू लागले. झारी फुटकी, त्यामुळे निम्मं पाणी पायांवर. नर्सबाई भिंतीपलीकडून बघत होत्या. ही हलवण्याच्या आदल्या दिवशीची तयारी, हे त्यांना कळलं, पण त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी गळ्यातल्या किल्लीनं खोपटाचं कुलूप उघडलं, फावडं काढलं आणि भिंतीवरची जाळी सोडली. नर्सबाई आपलं फावडं आणि ओलं गोणपाट घेऊन आल्या. दोघांनी उंच फांद्या गुडघ्याइतक्या केल्या, बुंध्यापासून हातभर लांब गोल खणलं आणि मुळांखाली दोन्ही फावडी घातली.  "मेलं तर?" काका एकदा म्हणाले. नर्सबाई गोणपाट पसरत राहिल्या. झाड मातीच्या गोळ्यासकट वर आलं तेव्हा खालच्या बाजूला एक जाड मूळ तुटल्याचा आवाज झाला, आणि दोघंही क्षणभर जागच्या जागी थांबले. मग नर्सबाईंनी त्या तुटल्या टोकाला कात्रीनं स्वच्छ छाट दिली आणि गोणपाटाची गाठ बांधली.

लेक आणि जावई गाडी घेऊन आले. सामान चढलं. काकांनी गुलाब मागे ठेवू दिला नाही. गोणपाटातला तो ओला गोळा मांडीवर घेऊन ते पुढे बसले आणि त्यांची विजार भिजली. कुंडीतली काडी नर्सबाईंकडेच राहिली. काकांनी ती मागितली नाही, हे लेकीच्या लक्षात आलं, आणि तिनं आश्चर्यानं नवऱ्याकडे पाहिलं.

नर्सबाई गाडीच्या खिडकीशी आल्या. 

"आता तिकडेच राहा, भाऊ," त्या म्हणाल्या. "सारखे इकडे येत जाऊ नका. आणि हे फुललं तर मला बघायला बोलावू नका. एवढ्या लांब यायला मला जमणार नाही."

लेकीला ते फार कोरडं वाटलं. ती काहीतरी बोलणार होती. पण कुलूपकाका नर्सबाईंकडे डोळे बारीक करून बघत होते, ही बाई आत्ता सरळ बोलतेय की उलटं, याचा अंदाज घेत, आणि बघता बघता त्यांचा चेहरा सैल झाला.

"नाही बोलावणार," ते म्हणाले. "मुळीच नाही."

नर्सबाईंनी मान डोलावली आणि त्या आपल्या पायरीकडे वळल्या. गाडी निघाली तेव्हा काकांनी गोणपाटाची गाठ एकदा ओढून पाहिली. ती घट्टच होती.